‘एप्रिल फूल्स डे’ (1986): शेवटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगा, इथे शेवट फुटणार आहे का?

पूर्ण फुटणार आहे, आणि तोही लवकरच. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, 89 मिनिटांचाच आहे. मग परत येऊन भांडा.

हा नेमका कुठला सिनेमा? या नावाचं काहीतरी हिंदीतही होतं ना?

हिंदीतला ‘एप्रिल फूल’ 1964 चा, गाण्यांचा आणि हलकाफुलका. त्याचा इथे काही संबंध नाही. आपण बोलतोय तो अमेरिकेतल्या पॅरामाउंट कंपनीचा, 27 मार्च 1986 ला, म्हणजे एक एप्रिलच्या तोंडावर आलेला सिनेमा. दिग्दर्शक फ्रेड वॉल्टन, पटकथा डॅनिलो बाख, निर्माता फ्रँक मॅनकूसो ज्युनियर.

आणखी एक घोळ कायम होतो. त्याच वर्षी ‘स्लॉटर हाय’ नावाचा ब्रिटिश सिनेमा आला. तोही एक एप्रिलच्या खोडीवरचाच, आणि बनताना त्याचं नावसुद्धा ‘एप्रिल फूल्स डे’च होतं. पॅरामाउंटनं तेच नाव घेतल्यामुळे त्यांना बदलावं लागलं. शाळेत छळलेला मुलगा विदूषकी टोपी घालून सूड घेतो असं काही आठवत असेल, तर तुम्ही तो दुसरा पाहिलाय.

स्लॅशर म्हणजे काय? सगळे भयपट स्लॅशरच नसतात का?

नाही. भूत, शाप, हडळ असेल तर तो वेगळा प्रकार. स्लॅशरमध्ये एक जिवंत माणूस हातात काहीतरी धारदार घेऊन तरुण पोरापोरींना एकेक करून संपवतो आणि शेवटी बहुतेक वेळा एक मुलगी उरते. 1978 च्या ‘हॅलोविन’नं ही लाट सुरू केली, 1980 च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’नं तिचा कारखाना केला. मग कॅलेंडर समोर धरून एकेक दिवस उरकायला सुरुवात झाली: व्हॅलेंटाइन, वाढदिवस, नववर्षाची रात्र, नाताळ. 1986 पर्यंत चांगले सणवार संपत आले होते. एक एप्रिल शिल्लक होता, आणि तोच दिवस असा की ज्या दिवशी लोक स्वतःहून सांगतात, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका’. ही गोष्ट प्रेक्षकांनी तेव्हाच लक्षात घ्यायला हवी होती, पण तिकीट काढताना कोण एवढा विचार करतो.

गोष्ट काय आहे?

मफी सेंट जॉन ही श्रीमंत घरातली मुलगी सुट्टीत आठ कॉलेजमित्रांना बेटावरच्या आपल्या बंगल्यावर बोलावते. फेरीबोटीतच पहिली खोडी होते: आर्चनं स्किपला सुरा मारल्याचं नाटक. गोंधळात पाण्यात उतरलेला बक नावाचा खलाशी बोट आणि धक्का यांच्यामध्ये चिरडतो, त्याचा चेहरा रक्तबंबाळ होतो. सगळ्यांचे चेहरे उतरतात, तरी शनिवार-रविवार तिथेच काढायचे ठरतात. घर खोड्यांनी भरलेलं आहे. बसायला गेलं की मोडणारी खुर्ची, गळका ग्लास, एक विझवला की दुसरा पेटणारा दिवा. हळूहळू खोड्या बोचऱ्या होत जातात. एकाच्या कपाटात गाडीच्या अपघाताची कात्रणं, नॅनच्या खोलीत तान्ह्या बाळाच्या रडण्याची टेप.

मग माणसं नाहीशी व्हायला लागतात. स्किपचं प्रेत बोटघराखालून तरंगत जाताना दिसतं. निकी विहिरीत पडते, तर आत स्किप आणि आर्चची मुंडकी आणि नॅनचा मृतदेह. फोन बंद, सोमवारपर्यंत बोट नाही. शेवटी उरतात किट आणि रॉब. त्यांना कळतं की मफीला बफी नावाची जुळी बहीण आहे, ती वेड्यांच्या इस्पितळातून पळालीये, आणि पहिल्या रात्रीनंतर आपल्यासोबत वावरत होती ती मफी नव्हतीच. तळघरात मफीचंही मुंडकं सापडतं. रॉब कोंडला जातो आणि बफी सुरा घेऊन किटच्या मागे लागते.

आणि तो शेवट?

किट उलट्या पावली मागे सरकत सरकत दिवाणखान्याचं दार ढकलून आत जाते. आत सगळे बसलेले आहेत. स्किप, आर्च, नॅन, निकी, चॅझ, हार्वी. धडधाकट, शांत, तिचीच वाट बघत. मागून सुरा घेऊन आलेली मफीच, बफी नावाचं कोणी या जगातच नाही.

मफीला या बंगल्याचं एक रिसॉर्ट करायचंय, जिथे लोक पैसे मोजून शनिवार-रविवार खोट्या खुनांच्या नाटकात राहायला येतील. हा प्रकार म्हणजे त्याची रंगीत तालीम. जो जो ‘मेला’, त्याला त्या क्षणी बाजूला घेऊन सगळं सांगितलं गेलं आणि तो पुढच्यांना फसवायला सामील झाला.

म्हणजे कोणीच मरत नाही? तो खलाशीसुद्धा?

कोणीच नाही. बक हा खलाशी नव्हेच, तो रंगभूषा आणि करामतींचा माणूस. चिरडलेला चेहरा त्याचंच काम, मुंडकीही त्याचीच. 89 मिनिटांच्या स्लॅशरमध्ये बळींचा आकडा शून्य.

मग लोक का चिडले?

कारण त्यांनी प्रेतांचे पैसे दिले होते. थट्टा नाही, खरंच. स्लॅशरचा प्रेक्षक तेव्हा मोजून घ्यायचा: किती मेले, कशानं मेले, करामत कशी होती. हा सिनेमा आधीच रक्ताच्या बाबतीत हात आखडता. प्रेक्षक मनात म्हणतोय, ‘ठीक आहे, शेवटी भरपाई होईल’, आणि शेवटी त्याला सांगतात की जे थोडंफार मिळालं तेही खोटं होतं. त्यात निर्माता ‘फ्रायडे द थर्टीन्थ’वाला आणि कंपनीही तीच. पानात पुरणपोळी दिसतेय म्हणून तोंडात घातली आणि आत पुरणच नाही, तशी गत.

दुसरा राग जरा अधिक विचारी आहे. ‘सगळं खोटं होतं’ हा शेवट ‘सगळं स्वप्न होतं’चा भाऊच, आणि तो आळशी लेखकाचा शेवट, असं हे लोक म्हणतात. माझं मत पुढे येतंच आहे.

तुम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

मी पहिल्यांदा शेवट पाहिलाच नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गल्लीच्या टोकाला एक व्हिडिओ लायब्ररी होती. तिथे 180 मिनिटांच्या एका कॅसेटवर दोन सिनेमे कोंबून दिले जात. वर शाईच्या पेनानं दोन नावं, त्यातलं एक हमखास चुकलेलं. पहिला सिनेमा शंभर मिनिटांचा असला तर दुसऱ्याला ऐंशीच उरत, आणि याचा हिशेब कोणी ठेवत नसे. किट मागे सरकतेय, बफीच्या हातात तो बाकदार सुरा, आणि खट्ट. व्हीसीआर थांबला, कॅसेट आपोआप रिवाइंड व्हायला लागली, टीव्हीवर मुंग्या. मी आणि मावसभाऊ ताटं हातात घेऊन त्या मुंग्यांकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तक्रार केली तर काउंटरवरचे काका म्हणाले, ‘अरे मग काय, मारते ती तिला. अजून काय असणार?’

दहा-बारा वर्षं मी तेच धरून चाललो. बफीनं किटला मारलं, किंवा किटनं बफीला, काही फरक पडत नव्हता. खरं म्हणजे सिनेमा मी विसरलोच होतो. डीव्हीडीवर पुन्हा लावला तो त्या कापलेल्या नऊ मिनिटांचं देणं फेडावं म्हणून. किट दारातून आत गेली आणि मी सोफ्यावर ताडकन उठून बसलो.

म्हणून या वादात माझी बाजू ठरलेली आहे. शेवट कापलेला सिनेमा मी जगलोय. तो बरा, नीटनेटका आणि विसरण्याजोगा होता.

पण ही प्रेक्षकाची फसवणूक नाही का?

फसवणूक तेव्हा, जेव्हा सिनेमा खोटं दाखवतो. हा दाखवत नाही. पुन्हा बघताना एकच काम करा: कुठल्याही ‘खुनात’ हत्यार अंगात शिरताना दिसतं का ते पाहा. दिसत नाही. आपल्याला दिसतो तो आधीचा क्षण, घाबरलेला चेहरा, आणि नंतर थेट प्रेत. आर्च जंगलात फासात अडकून उलटा लटकतो, समोर कोणाची तरी पावलं येतात, आणि दृश्य बदलतं. पहिल्या वेळी वाटतं की दिग्दर्शक सोवळा आहे किंवा सेन्सॉरची कात्री लागलीये. खरं कारण असं की पुढे दाखवण्यासारखं काही घडलेलंच नसतं. पावलं आली, फास सोडवला, ‘बस, सांगते’ म्हणाली.

प्रेतंही बघा. हललेलं चालणार नाही म्हणून ती पाण्याखाली, अंधारात, फटीतून किंवा लांबून दिसतात. जवळून दिसतात ती नुसती मुंडकी, आणि मुंडकं मेणा-रबराचं बनवता येतं.

शिवाय शीर्षकच एप्रिल फूल. पहिल्या दहा मिनिटांत पोटात सुरा खुपसल्याचं खोटं नाटक आणि ते उघडं पडणं, दोन्ही दाखवून झालंय. अख्ख्या सिनेमाची चिठ्ठी तिथेच आपल्या हातात दिली होती.

स्वप्नाच्या शेवटापेक्षा हा वेगळा कसा?

स्वप्न म्हटलं की पात्रांनी केलेलं सगळं वाया जातं. इथे काहीच वाया जात नाही. माणसं खरंच घाबरली, किट खरंच जीव घेऊन पळाली, रॉबनं खरंच दार फोडायची धडपड केली. खोटं होतं ते फक्त मरण.

आपल्याला हे नवीन वाटायचंही कारण नाही. तिसऱ्या अंकात छातीत गोळी लागून कोसळलेला नट पडदा पुन्हा वर गेला की बाकीच्यांच्या रांगेत उभा राहून हात जोडतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. कोणी उठून ‘फसवलं’ म्हणत नाही. या सिनेमानं तो नमस्कार गोष्टीच्या आत आणला, एवढंच. दिवाणखान्यात ते सगळे बसलेले दिसतात ते अगदी तसेच, ओळीनं, मेकअप उतरवायच्या आधी.

मग कथानकात काहीच भोकं नाहीत?

भरपूर आहेत. विहिरीत पडून निकीची मान मोडली असती तर? जीव वाचवायला म्हणून किटनं मफीच्या डोक्यात लोखंडी गज घातला असता तर? ‘मेलेल्या’ प्रत्येकाला पटवून गप्प बसवणं आणि त्यातल्या एकालाही तोंड फुटू नये, हे कॉलेजच्या पोरांच्या बाबतीत पटत नाही. आमच्याकडे वाढदिवसाचा केकसुद्धा गुप्त राहत नाही. आणि हृदयविकाराचा एखादा पाहुणा आला तर त्या रिसॉर्टचं पहिलं गिऱ्हाईकच शेवटचं ठरेल.

ही भोकं मी बुजवणार नाही. एवढंच म्हणेन की ज्या सिनेमांत खुनी चालत येतो आणि पळणारीला गाठतो, ते पचवणाऱ्यांनी इथे फार काटेकोर होऊ नये.

मफीनं जे केलं ते क्रूर नाही का? विशेषतः नॅनच्या बाबतीत?

आहे, आणि मला वाटतं हा या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. बसल्यावर आवाज करणारी उशी ठेवणं वेगळं, आणि गर्भपात केलेल्या मैत्रिणीच्या खोलीत तान्ह्या बाळाच्या रडण्याची टेप लावणं वेगळं. नॅन ती टेप ऐकून आतून हलते. तिथे सिनेमा क्षणभर भयपट राहत नाही, नुसता वाईट वाटणारा होतो. मफीला लोकांना घाबरवायचंय म्हणून ती त्यांची गुपितं खणून काढते. शेवटी शॅम्पेन फुटते, सगळे हसतात, कोणी तिला जाब विचारत नाही.

कोणीच नाही, असं मात्र नाही.

शेवटानंतरचा तो दुसरा शेवट काय आहे? मफीचा गळा खरंच कापला जातो का?

पार्टीनंतर अर्धवट नशेत मफी आपल्या खोलीत येते. पलंगावर कागदात गुंडाळलेली भेट. आत ती लहान मुलांची पेटी, हँडल गरगर फिरवलं की झाकण उघडून विदूषक टुणकन बाहेर येतो ती. सिनेमाच्या सुरुवातीला मफीच्या लहानपणीच्या वाढदिवसात हीच पेटी येते, तिथेही ती तिला दचकवतेच. मफी मजा घेत, सावकाश हँडल फिरवते. विदूषक बाहेर येतो आणि त्याच क्षणी मागून नॅन येऊन तिच्या गळ्यावरून वस्तरा फिरवते. रक्त. किंकाळी. मग मफी हात बघते: वस्तरा नाटकातला, रक्तही नाटकातलं. नॅन आणि ती अभिनयाच्या वर्गातल्या मैत्रिणी. विदूषक डोळा मारतो, सिनेमा संपतो.

बरेच जण म्हणतात की हे शेपूट उगाच जोडलंय. मला ते नॅननं चुकतं केलेलं देणं वाटतं. आठ जणांपैकी तीच का? कारण टेप तिच्या खोलीत लावली होती. सिनेमा हे शब्दांत सांगत नाही, माझं वाचन म्हणा. पण दोन सेकंद का होईना, मफीला खरंच मरण दिसतं, आणि ते दाखवणारी नॅन असते.

शेवट आधी वेगळा होता असं ऐकलंय?

होय. पटकथेत हशा-टाळ्यांनंतर आणखी एक टप्पा होता, ज्यात गंमत संपून खरंच रक्त सांडतं. चित्रपटगृहात आलेल्या प्रतीत तो नाही. जेफ रोविन यांनी केलेल्या कादंबरीरूपातही शेवट सिनेमापेक्षा काळा आहे. ज्यांना ‘निदान एक तरी मेला पाहिजे’ असं वाटतं ते या दुसऱ्या शेवटाच्या नावानं उसासे टाकतात. मी नाही टाकत. शून्य हा आकडा एकनं बिघडला असता.

दिग्दर्शक आणि नट ओळखीचे आहेत का?

फ्रेड वॉल्टनचं नाव भयपटवाल्यांना 1979 च्या ‘व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स’मुळे माहीत असतं: मुलं सांभाळायला आलेली मुलगी, रात्री वाजणारा फोन, आणि सुरुवातीची वीसेक मिनिटं, ज्यांत प्रत्यक्ष जवळजवळ काहीच न दाखवता घाम फोडलाय. न दाखवण्याची ही सवय इथे कामाला आली. पटकथाकार बाख यांना ‘बेव्हरली हिल्स कॉप’साठी ऑस्करचं नामांकन होतं. संगीत चार्ल्स बर्नस्टीन यांचं, ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’वाले.

किट झालेली एमी स्टील 1981 च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागात शेवटपर्यंत उरलेली मुलगी होती. तिला घेण्यातच एक चाल आहे. ती दिसली की प्रेक्षक निर्धास्त होतो, ‘ही वाचणार, बाकीचे जाणार’. आर्च म्हणजे थॉमस विल्सन, आदल्याच वर्षीच्या ‘बॅक टू द फ्यूचर’मधला दांडगट बिफ.

पण सिनेमा डेबोरा फोरमनचा आहे. पहिल्या रात्रीची हसरी मफी आणि दुसऱ्या दिवसाची विस्कटलेली, शून्यात बघणारी मफी यांतला फरक आपल्याला ‘ही तर जुळी’ असं सांगतो. पुन्हा बघताना कळतं की ती मफी होऊन बफी करतेय, आणि ते थोडंसं जास्तच करतेय, जसं एखादी हौशी नटी करेल. अगदी बरोबर तेवढंच जास्त.

हे बेट कुठे आहे?

चित्रीकरण कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात.

ही अगाथा ख्रिस्तीची नक्कल आहे का? आमच्या बाबांना ‘गुमनाम’ आठवला.

बाबा बरोबर आहेत. एकटं घर, सुटकेची वाट नाही, आणि एकेक पाहुणा कमी होत जाणं, हा सांगाडा ख्रिस्तीबाईंच्या 1939 च्या कादंबरीचा. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला 1965 चा ‘गुमनाम’ त्याच घराण्यातला. फरक असा की इथे पात्रांनीही बहुधा ती कादंबरी वाचलेली आहे. मफीचा धंदाच त्यावर उभा राहणार आहे. याच कंपनीनं 1985 च्या डिसेंबरात ‘क्लू’ आणला होता, त्याचे तर तीन वेगवेगळे शेवट वेगवेगळ्या चित्रपटगृहांत दाखवले. खुनाचा खेळ करून विकायचा ही हवा तेव्हा होतीच.

चालला का?

सुमारे 50 लाख डॉलरमध्ये बनला आणि अमेरिकेत जवळपास 1 कोटी 29 लाख डॉलर जमवून गेला. पडला नाही, पण मालिका निघावी इतकाही नाही. आणि पुढचा भाग काढणार तरी कशाचा? दुसऱ्यांदा कोण फसणार? 2008 मध्ये याच नावाचा नवा सिनेमा थेट डीव्हीडीवर आला. त्याच्या वाटेला गेला नाहीत तरी चालेल.

पोस्टरबद्दल सगळे एवढं का बोलतात?

पाठमोरी मुलगी, मागे लपवलेल्या हातात सुरा, समोर पेले उंचावलेले मित्र. आता तिची वेणी बघा. खाली येऊन तिचा गळफास झालाय. आणि पाहुणे हसताहेत. कॅसेटच्या झेरॉक्स कव्हरवर ही वेणी नुसता काळा डाग दिसायची, हेही एक माझं जुनं दुःख.

घरच्यांसोबत पाहता येईल का?

शारीरिक जवळीक, शिवराळ विनोद आणि ती मुंडकी आहेत, तेव्हा लहान मुलांना नको. मोठ्यांपैकी एकानं आधी पाहिलेला असेल तर त्यानं एकच पथ्य पाळावं: किट दाराकडे मागे सरकायला लागली की बाकीच्यांच्या तोंडाकडे बघू नये. आमच्याकडे बायकोनं मला तसं बघताना पकडलं आणि दार उघडायच्या आधीच म्हणाली, ‘सगळे जिवंत आहेत ना?’